पाचवी सुई

१

शिवण उघडली तेव्हा यंत्राचा काटा एक किलोलाही पोचला नव्हता.

पुढच्या रांगेतल्या मंडळींनी आधी एकमेकांकडे पाहिले आणि मग, अशा प्रसंगी सभ्य माणसे पाहतात तसे, छताकडे. यंत्राच्या दोन जबड्यांमध्ये दोन नंबरच्या डब्यातली कंडरा लोंबत होती. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा पांढरा, चिवट दोर. आपले बोट वाकते ते त्याच्या जोरावर. खाटकाकडून आणलेल्या अशा दोन कंडरा आदल्या दिवशी दुपारी मधोमध कापून दोन उमेदवारांना शिवायला दिल्या होत्या. आज त्या यंत्राने ताणायच्या आणि ज्याची शिवण जास्त वजन सोसेल त्याला वर्षभर परदेशी शिकायला पाठवायचे, असा निधीचा शिरस्ता होता.

निधीचा हेतू उदात्त होता. हातांची शस्त्रक्रिया करणाऱ्या तरुण डॉक्टरांपैकी दर वर्षी एकाला बाहेरच्या नामांकित केंद्रात धाडायचे आणि प्रवासापासून राहण्यापर्यंतचा सगळा भार उचलायचा. हेतू इतका उदात्त असला की समितीला फारसे काही करावे लागत नाही, भाषणांवर भागते.

"संपलं," अध्यक्ष म्हणाले. त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत. "एक नंबरची शिवण साडेतीन किलोला सुटली, दोन नंबरची एक किलोच्या आत. शिवण मुळातच कच्ची. एक नंबरचं नाव कळवून टाका."

एक नंबर म्हणजे त्यांचे जावई. दोन नंबर म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतल्या इस्पितळातली एक किरकोळ अंगाची मुलगी. वॉर्डात तिला 'चिमटी' म्हणत, कारण एकदा धरलेले ती सोडत नसे. आत्ता मात्र तिने खुर्चीचा हात धरला होता. पुढच्या महिन्यात तिला पस्तिसावे संपत होते आणि निधीची वयोमर्यादा पस्तीसच होती. तिला पुढची संधी नव्हती.

समितीच्या पाचव्या सभासद इन्स्पेक्टरबाई तेवढ्यात उठल्या. तीस वर्षे कारखाने तपासून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि 'समाजाचा प्रतिनिधी' म्हणून समितीत घेतल्या गेल्या होत्या. समाजाच्या प्रतिनिधीने चहा प्यावा, बिस्कीट खावे आणि दाखवतील तिथे सही करावी, अशी बाकीच्यांची कल्पना होती. बाईंनी पर्समधून भिंग काढले, यंत्रापाशी जाऊन वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"बाई, पाठ धरेल," मोठे डॉक्टर हसून म्हणाले.

"माझी नाही धरायची," बाई म्हणाल्या. "पट्टे, दोर, तारा, आयुष्यभर तुटलेलंच पाहत आले. ओढून तुटलेला धागा टोकाशी बारीक होतो, वळतो. हा आतला धागा टोकाशी सपाट आहे." त्या सरळ झाल्या. "हा तुटलेला नाही. कापलेला आहे."

२

समितीला सत्य सांगितले की ती आधी घड्याळाकडे पाहते. नाव पाच वाजेपर्यंत कळवायचे होते, तेही पाचही सभासदांच्या सह्यांनिशी. साडेअकरा झाले होते.

"बाई, कशाला फाटे फोडता?" चिटणीस काकुळतीला आले. "सही करून टाका ना."

"करते की. कोणी कापलं ते कळलं की लगेच."

"आणि नाही कळलं तर?"

"तर या वर्षी कोणीच जाणार नाही. तुमचे जावईबापूसुद्धा." हे शेवटचे मोठ्या डॉक्टरांना उद्देशून होते. मागल्या खुर्च्यांतले दोन सभासद, जे एरवी सहीपुरतेच जागे होत, ते या वाक्यासरशी दचकून जागे झाले.

बाईंनी चिटणिसांकडून हकीकत काढून घेतली, आणि ऐकता ऐकता त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या. आदल्या दिवशी चार वाजता शिवणकाम संपले. दोन्ही कंडरा मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून दोन पत्र्याच्या डब्यांत ठेवल्या आणि डबे मागच्या खोलीतल्या कपाटात बंद केले. क्रमांक गुप्त होते.

"गुप्त म्हणजे कसे?"

"चिठ्ठ्या टाकल्या ना. सगळ्यांसमोर काढल्या, म्हणजे पारदर्शक."

"कोणाचा नंबर कोणता ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं?"

"अर्थात."

बाईंनी डोळे मिटले. "आणि कपाटाची किल्ली?"

"माझ्याकडेच. सकाळी नऊला उघडलं, डबे जागेवर आहेत ते पाहिलं. तेवढ्यात देणगीदारांची गाडी आली. मी धावलो. किल्ली..." चिटणिसांनी खिसा चाचपला. "किल्ली कपाटालाच राहिली. दहापर्यंत."

नऊ ते दहा खाली नाश्ता चालला होता. इमारतीत मोठे डॉक्टर होते, जावई होते, चिमटी होती आणि तिच्याबरोबर आलेले तिचे विभागप्रमुख होते. तिच्या देखादेखी सगळेच त्यांना 'सर' म्हणत. शिवाय चिटणीस आणि साहित्य सांभाळणाऱ्या सिस्टर. माणसे मोजकीच होती, आणि जो तो दुसऱ्याकडे पाहून हात झटकत होता.

बाई मागच्या खोलीत गेल्या. एक नंबरच्या डब्यातले गॉज रात्रभरात सुकून कडक झाले होते. दोन नंबरच्या डब्यातले त्यांनी मुठीत धरून पिळले, तर पाणी मनगटापर्यंत ओघळले.

"काल दोन्ही गुंडाळली कोणी?"

"मीच," सिस्टर म्हणाल्या. जाड काचांचा चष्मा लावणाऱ्या, मोजके बोलणाऱ्या बाई होत्या त्या. "एकाच वेळी. एकाच भांड्यातलं पाणी."

"मग हे आज सकाळी कोणीतरी नव्याने भिजवलंय. कापायला आलेला माणूस भिजवत कशाला बसेल?"

"शल्यचिकित्सक असेल तर बसेल," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "कंडरा सुकू द्यायची नाही, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेलं असतं. मेलेल्या बकऱ्याची असली तरी." मग त्या क्षणभर घुटमळल्या. "बाई, आणखी एक आहे. मघापासून सांगू की नको करत होते. सुया जास्त आहेत."

"जास्त?"

"काल प्रत्येकाला दोन दिल्या. एक जाड, आतल्या शिवणीला. एक बारीक, बाहेरच्या. संपल्यावर मोजून या फळीवर टोचल्या. चार. सही करून ठेवलीय मी." त्यांनी ट्रेमधली स्पंजाची छोटी फळी पुढे केली. "आता मोजा."

बाईंनी मोजल्या. पाच होत्या.

३

"मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही हो!" चिटणीस म्हणाले, आणि बाईंना ते तात्काळ पटले. ज्याला कपाटाची किल्ली काढून खिशात टाकायचे जमत नाही, त्याच्या हातून इतके नाजूक पाप होणे शक्य नव्हते.

सिस्टरांचाही प्रश्न नव्हता. ज्यांची मोजणी बिघडली, त्यांनीच ती बिघडल्याचे सांगितले होते.

मोठे डॉक्टर आपल्या खोलीत होते. बाई बसताच त्यांनी निधीचा इतिहास काढला. बाईंनी तो स्थापनेच्या समारंभापर्यंत येऊ दिला आणि तिथे अडवला.

"जावयाची चाचणी सासऱ्याने घ्यावी, हे शोभतं का?"

"मी नातं बघत नाही. गुणवत्ता बघतो."

"घरातल्या घरात बघायला सोपी जाते."

मोठे डॉक्टर लाल झाले. कप उचलायला गेले तर बशी किणकिणत राहिली. तिचा आवाज थांबावा म्हणून त्यांनी दुसरा हात वर ठेवला, तर तोही थरथरू लागला. बाईंनी नजर खिडकीकडे वळवली. गर्विष्ठ माणसाची फजिती पाहायला त्यांना आवडे, दुखणे पाहायला नव्हे.

"किती दिवस झाले?"

"तीन वर्षं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बाहेर बोलू नका."

जावईबापू जिन्यात भेटले. फोनवर कोणाला तरी तिकडच्या थंडीबद्दल विचारत होते.

"मॅडम, खरं सांगू? मला गरजच काय कापायची? मी जिंकणारच होतो."

"साडेतीन किलोवर?"

"चाललं असतं. कोट घेऊन ठेवलाय मी. लोकरी. परतसुद्धा घेत नाहीत ते."

बाईंनी परत जाऊन एक नंबरची कंडरा भिंगाखाली धरली. टाके एक इकडे, एक तिकडे, मध्ये बोट जाईल एवढे अंतर. कोणी घाईत गोणपाट शिवावे तसे. मग त्यांनी दोन नंबरच्या कंडरेकडे पाहिले. यंत्राने तिची बाहेरची शिवण अर्धीच उसवली होती. उरलेल्या अर्ध्या भागातले टाके मुंगीच्या पावलांसारखे बारीक, सारख्या अंतराचे होते. त्या टाक्यांकडे पाहता पाहता बाईंचा हात थांबला. सकाळपासून आपण चुकीच्या धाग्याकडे पाहत होतो, हे त्यांच्या ध्यानात आले.

४

पण चिमटीला बोलावण्याआधी सर स्वतःच त्यांना शोधत आले. सकाळपासून सर्वांत मोठा आवाज त्यांचाच होता.

"हा सरळसरळ दरोडा आहे, बाई! माझ्या मुलीसारखी ती. सहा वर्षं घडवली मी तिला. शिफारसपत्र वाचलंत ना माझं? चार पानी! आणि या सासरे-जावयांनी तिच्या तोंडाला पानं पुसावीत?"

"तुम्हाला जावयाचाच संशय?"

"दुसरा कोण असणार? मी नावं घेत नाही. पण तुम्ही शहाण्या आहात."

"ती वर्षभर गेली तर तुमच्या विभागाचं काय?"

सरांनी दीर्घ श्वास घेतला. त्यागाचे तेज चेहऱ्यावर आणायला काही जणांना तेवढा वेळ लागतो. "पांगळा होईल. आमच्याकडे आठवड्याला दहा-बारा हात येतात, प्रेसमधून, करवतीतून. सगळे तीच करते. माझे डोळे गेलेत, बाई. चार वर्षं झाली, बारीक सुई हातात धरलेली नाही. दिसतच नाही. तरीसुद्धा मी शिफारस केली. माणसाने मन मोठं ठेवावं."

"नाश्त्याला काय होतं हो सकाळी?"

सर थबकले. "नाश्त्याला? नेहमीचंच. मी चहाच घेतो फक्त."

"बरं." बाई उठल्या. "तिला पाठवता?"

"तिला आता त्रास देऊ नका. मी समजावलंय. म्हटलं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस, सोमवारपासून कामाला लाग. पुढे बघू."

"पुढे काय बघणार? तिचं वय संपतंय."

"हो, हो, तेही आहेच," सर म्हणाले.

५

चिमटी आली ती रडून, तोंड धुऊन आली होती. बाईंनी तिच्यापुढे भिंग सरकवले.

"हे उरलेले टाके बघ. कोणाचे?"

तिने डोळा लावला. "माझे."

"घाई करू नकोस. नीट बघ."

"बाई, माणसाला स्वतःचं अक्षर ओळखू येतं. हे बघा, शेवटच्या टाक्याला सुई उलटी फिरवून गाठ आत दडवलीय. अशी गाठ फक्त आमच्या विभागात घेतात. जावईसाहेबांना विचारा, त्यांना माहीतसुद्धा नसेल."

"आतला जाड धागा तूच घातलास?"

"चारपदरी. चार किलोला हलायला नको होता तो."

"तो कापायचा असेल तर? बाहेरची शिवण तशीच ठेवून, आत कात्री घालून कापता येईल?"

"छे! तेवढी जागाच नसते. बाहेरची सगळी शिवण आधी उसवावी लागेल, आतला धागा कापावा लागेल, आणि मग बाहेरून पुन्हा..."

ती थांबली.

चिमटीने पुन्हा भिंगाला डोळा लावला आणि या वेळी फार वेळ लावून ठेवला. वर पाहिले तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"नाही," ती म्हणाली. "बाई, नाही. ते असं करणार नाहीत."

६

अडीच वाजता सगळे सभागृहात जमले. बाई उभ्या राहिल्या. सभेत बोलताना बसून बोलायची त्यांना सवय नव्हती.

"आतला धागा कापायला बाहेरची शिवण उसवावी लागली, आणि चोरी लपवायला ती पुन्हा घालावी लागली. बारीक सुया तिथे पडल्याच होत्या. देणगीदारांनी फुकट दिलेल्या सुई-धाग्याच्या पाकिटांची मोजदाद कोणी ठेवत नाही. काम उरकून तो माणूस निघाला, आणि निघताना त्याच्या हातांनी त्याला न विचारता दोन गोष्टी केल्या. कंडरा सुकेल म्हणून गॉज भिजवलं. आणि वापरलेली सुई खिशात न घालता, कचऱ्यात न टाकता, मोजणीच्या फळीवर नीट टोचली. जन्मभर ऑपरेशन टेबलापाशी उभा राहिलेला माणूसच असा फसतो. साधा चोर सुई घेऊन पळाला असता."

"म्हणजे शल्यचिकित्सक," एक जागा झालेला सभासद उगाचच म्हणाला.

"चारच होते. मोठ्या डॉक्टरांना ते शक्य नाही. का, ते मी सांगणार नाही, पण मी पाहिलंय." मोठ्या डॉक्टरांनी मान खाली घातली. "जावईबापूंची शिवण एक नंबरच्या डब्यात सर्वांना पाहता येईल. त्यांच्याने हे टाके जन्मात पडणार नाहीत." जावईबापूंना सुटल्याचा आनंद मानावा की अपमान, ते ठरवता येईना. "ही मुलगी स्वतःची शिवण स्वतः कापणार नाही. आणि बाहेरची शिवण इतकी हुबेहूब तिच्यासारखी आहे की तिलाही ती स्वतःची वाटली. असे टाके तिला शिकवणारा माणूसच घालू शकतो."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"हास्यास्पद आहे हे!" सर उसळले. "माझे डोळे..."

"उत्तम आहेत. एका तासाच्या आत, उभ्याने, खिडकीच्या उजेडात केसासारख्या धाग्याने अशी शिवण घातलीत. नाश्त्याला होतात म्हणावं, तर तिथे काय होतं तेही तुम्हाला सांगता आलं नाही. चार वर्षं सुई धरली नाही म्हणता? विभाग पांगळा होणार होता म्हणे. दोन धडधाकट हात तर तुमच्याच बाह्यांत होते. काम तिने करायचं, तुम्ही खोलीत बसायचं, ही सोय मोडेल एवढंच तुमचं दुःख."

"मी घडवली तिला!" सरांचा आवाज चिरकला. "सुई कशी धरायची इथपासून! एकदा बाहेर गेली की परत येतात का ही पोरं? आणि आली तरी माझ्याकडे येतील? चार पानी पत्र लिहिलं, ते काय खरंच पाठवायला? मी तिला जाऊ दिलं नाही असं कोणी म्हणू नये म्हणून लिहिलं!"

बोलून गेल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळले. चिमटी त्यांच्याकडे पाहत होती. रडत नव्हती. एखाद्या सुजलेल्या हातात नेमके कुठे काय सडले आहे ते शोधावे, तसे पाहत होती.

७

नवी कंडरा आणायला तीन वाजले, शिवायला पाऊण तास गेला. सगळे तिच्या हातांकडे पाहत होते. तिने एकदाही वर पाहिले नाही. गाठ मारताना सुई उलटी फिरवली नाही. गाठ बाहेरच, उघडी ठेवली. यंत्राचा काटा तीन किलो ओलांडून गेला, चार ओलांडून गेला, आणि पावणेपाच किलोला कंडराच जबड्यातून निसटली. शिवण जागची हलली नाही.

सह्या व्हायच्या म्हणजे इतिवृत्त आधी लिहायला हवे. मोठ्या डॉक्टरांनी घसा साफ केला आणि चिटणिसांना सांगू लागले, "यंत्रातील तांत्रिक दोषामुळे दोन नंबरची चाचणी पुन्हा घेण्यात आली..."

"यंत्रात दोष नव्हता," बाई म्हणाल्या. "सकाळपासून या इमारतीत खरं बोललेलं तेवढं एकच आहे."

"बाई, मुलीला तिची जागा मिळतेय. आता एका ज्येष्ठ माणसाची अब्रू कशाला? निधीचंही नाव जाईल. देणगीदार खाली बसलेत." त्यांनी घड्याळ दाखवले. "पाचला वीस मिनिटं आहेत. तुम्ही अडून बसलात तर जागा हिचीच जाईल."

हे मात्र खरे होते. त्यांनी तीस वर्षे असेच कागद पाहिले होते: बोटे प्रेसखाली गेली की कागदावर नेहमी 'कामगाराचा निष्काळजीपणा' किंवा 'तांत्रिक दोष'. त्या चिमटीकडे वळल्या. "तू सांगशील तसं. गमवायचं तुला आहे."

"सही करा, बाई," सर घाईने म्हणाले. "पोरीचं भलं बघा." सकाळच्या त्या मोठ्या आवाजातला अर्धाही उरला नव्हता. "बाळ, मी रजेच्या अर्जावर लगेच सही देतो. सगळं विसरून जा. सहा वर्षांचं नातं आहे आपलं."

चिमटी उठली आणि चिटणिसांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"लिहा," ती म्हणाली. "मी सांगते. ऑपरेशन झालं की नोंद कशी लिहायची ते सरांनीच शिकवलंय मला. तारीख, आजची. वेळ, सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान. केलेली कृती: दोन नंबरच्या कंडरेची बाहेरील शिवण उसवून आतील धागा कापला, बाहेरील शिवण पूर्ववत घातली. सुई एक, बारीक." तिचा आवाज सपाट होता, टेबलापाशी उभे राहून सांगावे तसा. "शस्त्रक्रिया करणारे..."

ती सरांकडे वळली.

"चार वर्षं या ओळीत मी तुमचंच नाव लिहीत आले, सर. दर नोंदीत. हात माझे असायचे. आज पहिल्यांदाच नाव आणि हात एकाच माणसाचे आहेत."

मग तिने सरांचे पूर्ण नाव, पदवी आणि हुद्द्यासकट, सावकाश सांगितले. चिटणिसांनी ते लिहिले. पाचला बारा मिनिटे असताना बाईंनी पेनाचे टोपण काढले आणि समितीत आल्यापासून पहिल्यांदाच, वाचून झाल्यावर, सही केली.